बॉनेटखालची मोकळी जागा

लष्कराचा सहाचाकी ट्रक विजेवर पहिल्यांदा धावला तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका खोलीत. लांबी हातभर, रंग लष्करी हिरवा आणि धाव पलंगापासून शिलाई मशीनपर्यंत. लष्कराला याची गंधवार्ता नव्हती. लष्कर डिझेलवर समाधानी होतं.

ट्रक बांधणारे गृहस्थ निवृत्त बसड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे न्यूट्रलराव म्हणत. कुणाच्याही भांडणात आपण बाजू घेत नाही, म्हणून हे नाव पडलं, असं ते नव्या लोकांना सांगत. खरं कारण वेगळं होतं. उतार लागला की ते गिअर न्यूट्रलला टाकत, किल्ली फिरवून इंजिन बंद करत आणि टाकीतली ब्रेकची हवा पुरवून पुरवून वापरत भरलेली बस नुसत्या वजनावर खाली आणत. प्रवाशांना वाटे, काय गुळगुळीत हात आहे ड्रायव्हरचा. उतारावर इंजिन बंद करू नये असा फलक डेपोच्या भिंतीवर होता. डिझेल वाचवणाऱ्याला बक्षीस मिळेल असाही फलक त्याच भिंतीवर होता. दोन्हींखाली सही एकाच साहेबाची. न्यूट्रलरावांनी त्यांतला दुसरा फलक पाळला, आणि साहेबांनी त्यांना टाळ्यांच्या गजरात भिंतीवरचं घड्याळ दिलं. तबकडीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘इंधन बचतीत प्रथम’. ते घड्याळ याच खोलीत, शिलाई मशीनच्या वर लटकत होतं आणि वेळ बरोबर दाखवत होतं. सरकारी वस्तूच्या मानाने ही गोष्ट विशेष.

एकुलता एक मुलगा लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाशेजारी, इंजिनाच्या झाकणावर फडकं टाकून बसायचा. बुडाला चटका बसायचा, पण हलायचा नाही. मोठा झाला, लष्करात गेला आणि तिथे त्याच्याकडे ट्रक आला. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच्या ट्रकला सहा चाकं होती आणि एकही प्रवासी सुट्टे पैसे मागत नव्हता.

मागच्या हिवाळ्यात दोन साहेब घरी आले. बूट बाहेर काढावेत की घालून आत यावं, यावर दारातच त्यांची थोडी पंचाईत झाली. मग त्यांनी सांगितलं ते असं. संध्याकाळ होती, धुकं होतं, मुलगा शिधा घेऊन चौकीकडे परतत होता. शत्रूने इंजिनाच्या आवाजावर नेम धरला.

मुलाच्या आईने त्या दोघांना काहीच विचारलं नाही. न्यूट्रलरावांनी मात्र ते शेवटचं वाक्य दोन्ही हातांनी पकडलं आणि मग सोडलंच नाही. गाडीवरचा माणूस, बिघाड कुठे आहे ते एकदा कळलं की त्याला जरा बरं वाटतं. नशीब, देव, युद्ध यांतलं काही त्यांना उघडता येत नव्हतं. आवाज उघडता येत होता. इंजिन काढा, मोटार बसवा, आवाज गेला. गाडी मुकी असती तर पोरगा आज असता. हे ते दूधवाल्याला सांगत, न्हाव्याला सांगत, आणि ऐकायला कुणी नसेल तेव्हा हातातल्या पक्कडीला सांगत.

म्हणून हा ट्रक. सांगाडा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा, आस छत्रीच्या काड्यांचे, चाकं औषधाच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची. मागचं ताडपत्रीचं छप्पर पोराच्या सामानाबरोबर परत आलेल्या पिशवीतून कापलं होतं. बायकोने ते न विचारता शिवून दिलं आणि उरलेला तुकडा घडी करून कपाटात ठेवला. डिझेलच्या टाक्यांच्या जागी मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या बसल्या, मोटारी मागच्या चाकांपाशी गेल्या. आणि मग एक अडचण उभी राहिली. इंजिन नाही म्हटल्यावर बॉनेटखाली काय?

हौशी मॉडेलवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते फक्त रणगाडे बनवत आणि त्यांच्या तोफा दात कोरायच्या हत्यारांनी इतक्या सुबक कोरत, की पेशंटांना हेवा वाटावा. त्यांनी सुचवलं की बॉनेटखाली सैनिकांचे जेवणाचे डबे ठेवावेत, म्हणजे शत्रूच्या हाती लागणार नाहीत. न्यूट्रलराव विचार करतो म्हणाले. जागा मोकळीच राहिली. बॉनेट उघडलं की आत नुसता हिरवा रंग दिसायचा.

पण गाडी मुकी झाली, अगदी हवी तशी. ते ती स्वयंपाकघरात सोडत, ती बायकोच्या मागून जाऊन टाचेशी थांबे आणि तिला पत्ता नसे. त्या दिवसांत न्यूट्रलराव हसले असतील तर एवढ्या एकाच गोष्टीवर.

“चोरासारखी येते,” बायको एकदा म्हणाली. “तुमच्यावरच गेली आहे.”

यात टोमणा होता आणि त्याचा पुरावा न्यूट्रलरावांच्या डाव्या भुवईवर होता. त्यांचं घर उताराच्या पायथ्याशी. बसचा घरघराट कोपऱ्यावर ऐकू आला की बायको चहाचं आधण ठेवायची. इतर ड्रायव्हरांच्या बसही तिला आवाजावरून ओळखू यायच्या. नवऱ्याची मात्र येत नसे, कारण हे महाशय इंजिन बंद करून उतरायचे. एका संध्याकाळी वीज गेलेली, बस बाहेर उभी करून हे डबा ठेवायला मागच्या दाराने गुपचूप आत आले आणि अंधारात तिने लाटणं हाणलं. तीन टाके पडले. डेपोत सांगितलं, झाडाची फांदी लागली. टाके घालून आल्यावर ती रडत रडत म्हणाली होती, की इंजिन चालू ठेवून येत जा, आपलं माणूस आहे हे कळायला नको का. कितीतरी वर्षं हा घरातला विनोद होता. मुलगा तर पाहुण्यांना नक्कल करून दाखवायचा, आईच्या लाटण्यासकट.

मंडळाचं प्रदर्शन ठरलं. न्यूट्रलरावांनी गाडीसाठी उताराची एक लांब फळी बनवली, कडेला धुक्यासाठी कापूस चिकटवला आणि पायथ्याशी काडेपेटीएवढी चौकी ठेवली. पाटीवर मजकूर लिहिला, ‘ही गाडी ऐकू येत नाही’. एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. कुणीतरी प्रत्यक्ष तिथला माणूस उभा राहून बोलायला हवा होता, की हो, आवाजानेच घात केला. असा माणूस एकच होता. त्या संध्याकाळी ट्रकमध्ये शेजारी बसलेला, खांद्यातून गोळी जाऊनही वाचलेला मुलाचा जोडीदार. न्यूट्रलरावांनी त्याला इतके फोन केले, की शेवटी तो आला.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी आला. बारीक, अबोल, उजवा हात खिशात. बायकोने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती जेवणाचं बघायला आत गेली. न्यूट्रलराव त्याला खोलीत घेऊन गेले, फळी दाखवली, चौकी दाखवली, गाडी उतारावर सोडली. गाडी कापसातून अलगद खाली आली आणि चौकीपाशी थांबली. मग ते त्याला भाषण समजावू लागले. फार नको. धुकं, उतार, आवाज, नेम. चार वाक्यं पुरे.

जोडीदार फळीकडेच बघत होता. गाडी चांगली झाली आहे, असं म्हणाला. बॉनेट उघडून बघितलं आणि हळूच लावलं. मग म्हणाला, “काका, मला हे बोलता यायचं नाही.”

न्यूट्रलरावांना वाटलं पोरगा बुजतो आहे. सभा कसली, दात पडलेली दहा माणसं असतात, तीही अध्यक्षांचे पेशंट म्हणून येतात, असा त्यांनी धीर दिला.

“तसं नाही. आवाज नव्हता काका.”

“म्हणजे?”

“गाडी बंद होती. शेवटचा उतार लागला की तो बंदच करायचा. आम्ही त्याला थेंब म्हणायचो. एक थेंब वाया घालवायचा नाही म्हणून. चौकीवरच्यांना सवय होती, न वाजता येईल तो थेंब. त्या दिवशी पहाऱ्यावर नवीन पोरगा होता. दिवे लावायचे नाहीत असा हुकूम. धुकं. त्याला आवाज काहीच आला नाही, आणि एकदम अंगावर एवढं मोठं काहीतरी.” तो थांबला. “आपलाच होता तो. पोरगाच होता हो. आता त्याला बंदूक देत नाहीत, स्वयंपाकाला लावलंय.”

न्यूट्रलरावांनी गाडी उचलून मांडीवर घेतली. उचलताना तिची चाकं फिरली, ती त्यांनी बोटाने थांबवली.

जोडीदाराला आता थांबता येईना. इतके दिवस त्याला कुणापाशी बोलू दिलं नव्हतं आणि खोटं बोलायला त्याला फोनवर फोन येत होते. मी बजावलं होतं, म्हणाला, एकदा नाही दहादा, की थेंबा, निदान चौकीजवळ तरी चालू ठेव. तर हसायचा. म्हणायचा, तुम्हाला काय कळणार, आमच्या घरात डिझेलचं घड्याळ आहे. बोलता बोलता जोडीदाराची मान वर झाली आणि शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर स्थिरावली. लाल अक्षरं वाचायला त्याला थोडा वेळ लागला.

“हेच का ते,” तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं तोंडातून निघून गेलं.

“हेच,” न्यूट्रलराव म्हणाले.

त्यानंतर दोघांनी बराच वेळ घड्याळाचा आवाज ऐकला. ते फार चोख चालत होतं.

जोडीदार जेवायला थांबला नाही. दारात त्याने काकांचे पाय धरले. न्यूट्रलरावांनी त्याला उठवलं आणि त्या नव्या पोराचं नाव सांगू नकोस एवढंच म्हणाले. मी कुणाच्या बाजूने नसतो. ही आपली जुनी थाप या वेळी खरी झाली, हे त्यांच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल.

बायकोने वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि विचारलं, काय म्हणाला पोरगा. ते म्हणाले, काही नाही, गाडी आवडली त्याला. त्याची बस होती, घाईत होता. ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने भिंतीकडे बघितलं. घड्याळाच्या जागी चुन्याचा एक स्वच्छ गोल होता.

“बंद पडलंय,” ते म्हणाले.

पलंगाखालून टिकटिक ऐकू येत होती.

उरलेली दुपार न्यूट्रलरावांनी बॉनेट उघडून बसण्यात घालवली. घड्याळातलं एक दातेरी चाक त्यांनी काढलं, तेव्हा पलंगाखालचा आवाज थांबला आणि त्यांचं म्हणणं खरं झालं. ते चाक त्यांनी पुढच्या आसाला जोडलं. मग पत्र्याची एक पातळ पट्टी कापून तिचं टोक दात्यांवर टेकेल अशी बॉनेटखाली बसवली. पट्टी लांब ठेवली तर किरकिरायची, आखूड केली तर टकटकायची. कानाशी धरून धरून ते ती कानशीने घासत राहिले. आयुष्यभर त्यांनी जो आवाज डिझेल वाचवण्यासाठी बंद केला, तो त्यांना चांगला पाठ होता.

पट्टी मोटारीला जोडणं सोपं होतं. ती त्यांनी जोडली नाही. मोटार बंद केली तरी आवाज यायला हवा होता.

प्रदर्शनाला बायकोही आली. ती अशा ठिकाणी कधी जात नसे. पण सकाळी साडी बदलून दारात उभी राहिली. सभागृहात रणगाडे होते, विमानं होती, बाटलीतलं एक जहाज होतं आणि ते आत कसं गेलं हे कुणालाही न सांगणारा एक गृहस्थ होता. न्यूट्रलरावांनी फळी मांडली. पाटी पिशवीतून काढली, वाचली आणि परत आत ठेवली. वक्ते आले नाहीत, हे अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांना दुःख झालं नाही, त्यांनी स्वतःचं भाषण वाढवलं.

मग गाडी निघाली आणि सभागृहभर खर्रर्र घुमलं. मॉडेल हातभर, आवाज एखाद्या जुन्या बसचा. लोक हसले. अध्यक्षांनी वाकून बॉनेटखाली बघितलं. विजेच्या गाडीचा मुख्य फायदाच तुम्ही घालवलात, म्हणाले. एवढं छान मुकं जनावर होतं. कुठे घासतंय का बघा, दोष असेल तर परीक्षक गुण कापतील.

“दोष नाही,” न्यूट्रलराव म्हणाले. “दोष काढलाय.”

अध्यक्षांना ते समजलं नाही, आणि ते रणगाड्यांकडे गेले. हसून झालेले लोकही हळूहळू पांगले. फळीपाशी नवरा-बायको दोघंच राहिली.

न्यूट्रलरावांनी गाडी वर नेली. पोटाखालचं बटण दाबून मोटार बंद केली. बायको बघत होती. त्यांनी गाडी कापसाच्या धुक्यात, उताराच्या टोकावर ठेवली आणि हात काढून घेतला.

गाडी बंद होती. तरी नुसत्या वजनावर, दाते वाजवत, घरघरत ती खाली येऊ लागली. बायको पायथ्याशी होती. तिने काडेपेटीएवढी चौकी अलगद उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी स्वतःचा तळहात उताणा धरला. ते पाहताना न्यूट्रलरावांचा हात भुवईकडे गेला आणि तिथेच राहिला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती आवाज ऐकत होती.

“आपलीच आहे,” ती म्हणाली. “येऊ दे.”