मागच्या काचेचा पडदा

"सायरन ऐकू आला की आधी बाजूला व्हायचं, विचार नंतर करायचा," तोलोमुश-अता मला नेहमी सांगायचे. अता म्हणजे आजोबा; आमच्या समोरच्याच घरात राहायचे. तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवून निवृत्त झालेले. मी हसून म्हणायचे, "अता, बिश्केकमध्ये निम्म्या वेळा आत कुणीतरी साहेब जेवायला निघालेला असतो."

"आणि उरलेल्या निम्म्या वेळा गं?"

मी तशी भित्री. मुलीचा खोकला, गॅसची नळी, उघडी खिडकी, सगळ्याची धास्ती. नेमकं हेच कसं हसण्यावारी नेलं, कोण जाणे.

जूनमध्ये माझ्या दिराचं, दायीरचं, दुसरं लग्न होतं. पहिलं मोडलं ते वरातीच्या रांगेत परकी बस घुसली म्हणून, असं सासूबाई अजून म्हणतात. कॉलेजात शिकलेली मी त्यांच्यासमोर मान डोलवायचे, आणि खरं सांगायचं तर मनातून मानायचेही. म्हणून नवरीच्या गाडीमागे पहिली गाडी माझी, मागे मुलगी झोपलेली. पुढच्या गाडीतून माझ्या नवऱ्याचा, एर्मेकचा, फोन, "चिकटून चालव! फट पडली तर आई तुला बोरसोकसारखी तेलात तळेल."

ओश बाजाराच्या अलीकडे डाव्या हाताला सायरन वाजला. ॲम्ब्युलन्सला आमच्या रांगेतून उजवीकडे, इस्पितळाच्या रस्त्याला वळायचं होतं. आमच्या अकरा गाड्या भोंगे वाजवत होत्या.

"साहेबांना भूक लागली वाटतं, वहिनी!" शेजारी बसलेली नणंद खिदळली.

मीही हसले. आणि गाडी आणखी पुढे दाबली. मागच्यांनीही तेच केलं. पुढे चौक तुंबलेला. चार मिनिटं ती गाडी आमच्या बाजूला ओरडत उभी होती. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. नवरीच्या गाडीवरच्या फिती पाहत होते.

संध्याकाळी लग्नाचा खाऊ घेऊन जिना चढले, तर समोरचं दार सताड उघडं. आरसा कापडाने झाकलेला. आतून बायांचा हंबरडा.

उरुल-आपा गेल्या होत्या. अतांची बायको. मी कामावर जायचे तेव्हा माझ्या मुलीला त्याच सांभाळायच्या.

अता स्टुलावर बसले होते. आवाज चढवला नाही. "श्वास चालू होता तिचा. पुढे गाडी दिसली, मागच्या काचेला पडदा. बाळाला ऊन लागू नये म्हणून मीच बांधलेला. ड्रायव्हरला म्हटलं, घाबरू नकोस, ही आपलीच पोरगी आहे. ही बाजूला होईल."

मी खाऊचं ताट तसंच परत घेऊन गेले.

शरद लागला तसं आम्ही घर बदललं. दर शुक्रवारी मी आपांच्या नावाने कणकेचे बोरसोक तळते, गेलेल्यांसाठी तळतात तसे, आणि अतांच्या दाराशी ठेवून येते. माझ्या हाकेला ते दार उघडत नाहीत, पण पुढच्या खेपेला ताट धुतलेलं मिळायचं. गेल्या दोन शुक्रवारचे बोरसोक तसेच वाळून पडलेत. आत रेडिओ चालू असतो. खोकला ऐकू येतो.

ओश बाजारामागची पिवळी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर एकदा वाजवा ना. जेवतात का, तेवढं बघा. मी पाठवलं, हे मात्र सांगू नका.