एकशे वीस नॅनो

चंद्रभानने दशांशचिन्हापुढे मोजून पाच शून्यं काढली आणि सहावं गाळलं. लगेच एकशे वीस लिहिले, पुढे ‘हेन्री’ लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत पानाकडे बघत बसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

वहीत अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या टीव्हीच्या बूस्टरचे नकाशे होते, सगळे त्याने डोकं झिजवून जुळवलेले. पूर्णा स्टेशनजवळ व्यंकटरावच्या जागेत दोघांचं भागीदारीत दुरुस्तीचं दुकान होतं. चांगलं नऊ वर्षं चाललं. मग व्यंकटरावने बाजारात उठवलं, की चंद्रभान गिऱ्हाइकाच्या सेटमधले चांगले पार्ट काढतो आणि जुने बसवतो. खोटं, सपशेल खोटं. पण लोकांना तेवढंच पुरतं. वाटणीला पंच बसले. दुकान जागेच्या मालकाला, अवजारं चंद्रभानला, आणि वहीची एक नक्कल चंद्रभानने व्यंकटरावला लिहून द्यायची. चोरीच्या आळाबद्दल पंच आबासाहेब अवाक्षर बोलले नाहीत. ते चंद्रभानला आळापेक्षाही जास्त झोंबलं.

व्यंकटराव बूस्टरच्या कॉइली हैदराबादेहून तयार मागवणार होता. तिथला कारागीर वेढे विचारत नसे, माप हेन्रीत, म्हणजे कॉइल मोजायच्या एककात, लिहून मागायचा. चंद्रभानची बायको कस्तुराबाई पेन्सिलीवर तांब्याच्या तारेचे पाच वेढे घेई, ती कॉइल एकशे वीस नॅनोहेन्रीची. हेन्रीत मांडायची तर दशांशचिन्हापुढे आधी सहा शून्यं, मग एकशे वीस. एक शून्य खाल्लं की माप दहापट. कॉइल दिसायला चांगली दिसणार, फक्त जरा लांब. आणि पडद्यावर चित्राऐवजी मुंग्या. मग बघू दे बाजाराला, खराब माल कोण विकतो ते.

“झाली का नक्कल?” कस्तुराबाईने विचारलं.

“झाली. कव्हर घाल अन् आबासायबांकडं नेऊन दे.”

तिने वही घेतली. पानं चाळताना तिचा हात एका जागी थांबला. पण चंद्रभान तोवर हातावरची शाई धुवायला मोरीकडे गेला होता.

दीड महिन्याने, रविवारी सकाळी, व्यंकटरावने दुकानापुढे टीव्ही मांडला. नव्या बूस्टरवर मालिका फुकट दाखवणार, असं त्याने गावभर सांगितलं होतं. चंद्रभानने इस्त्रीचा सदरा घातला. शेजाऱ्याच्या घरचं लग्न असल्यासारखा तो लवकर निघाला. पुढच्या खुर्चीवर आबासाहेब बसले होते, त्यांच्या मांडीवर ती वही. व्यंकटरावने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. तोंडघशी पडायचं तर पंचासमोरच पड, चंद्रभान मनात म्हणाला.

व्यंकटरावने बटण फिरवलं. मुंग्या आल्या, क्षणभर वळवळल्या आणि गेल्या. चित्र लख्ख उभं राहिलं. बाईच्या नाकातली नथसुद्धा दिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभान मात्र मुंग्या परत यायची वाट बघत राहिला.

व्यंकटराव त्याच्याकडे आला. त्याचाही चेहरा पडलेलाच होता.

“चंद्रभान, खरं सांगू? मला वाटलं, तू वहीत खोट ठेवली असशील. म्हनून आबासायबांना वही घिऊन बसवलं होतं. चित्र आलं नसतं तर हितंच तुझी चोरी धरनार होतो.”

आबासाहेबांनी मांडीवरची वही मिटली.

“व्यंकट, जो मानूस दुश्मनाला खरे आकडे लिहून देतो, तो गिऱ्हाइकाचे पार्ट काय चोरील? बोललास ते चुकीचं बोललास.” ते चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. “अन् त्या दिवशी मी गप बसलो, तीबी चूकच झाली.”

हेच ऐकायला चंद्रभानचे कान तरसले होते. आता ऐकताना त्याला मान वर करवेना. लोक जागा करून देत होते, बसा म्हणत होते. तो सरळ घरी आला.

कस्तुराबाई ओट्यावर कॉइली गुंडाळत होती.

“वहीत काय केलीस?”

“एक शून्य घातलं. नॅनो म्हंजे नऊ घरं, तुमीच शिकवलं होतं. मोजली तर एक घर कमी भरलं.”

“चुकून राहिलं नव्हतं ते.”

“म्हाईत हाय.” तिने पाचवा वेढा घेतला, तार तोडली. “तुमच्या हातून शून्य राहत न्हाई.”

चंद्रभानचा राग उसळून वर आला. “मग कशाला घातलं? त्यानं बाजारभर मला चोर म्हनलं, तवा तुला काईच वाटलं न्हाई?”

“वाटलं ना. लय राग आला. तो खोटं बोलायलाय, हे मला म्हाईत होतं.” तिने कॉइल पेन्सिलीवरून हलकेच ओढून काढली. “पन ती वही बघितली, अन् घटकाभर मला त्याचं खरं वाटलं.”