दारामागचा खांब

कुवेतमध्ये, सलवा भागातल्या यूसुफच्या फ्लॅटमध्ये दारामागे एक कोरीव लाकडी खांब उभा होता. माणसाएवढा उंच, वर थाळीसारखं गोल डोकं. यूसुफचे पणजोबा केनियातल्या मोंबासाला ठेकेदार होते. त्यांच्याबरोबर तो रत्नागिरीला आला, तिथून यूसुफने तो इथे आणला. त्याच्या बायकोने, सफियाने, कपडे अडकवायला त्याला आकडे ठोकून घेतले होते.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शुऐबाच्या कारखान्यातले यूसुफचे एक मित्र, कारिसा, चर्चमधली प्रार्थना आटोपून थेट जेवायला आले. ते केनियाचे, गिर्यामा जमातीचे. बूट काढता काढता ते थांबले.

"हा कोण?"

"कोण कसला, शोपीस आहे," यूसुफ हसला. "घरात सगळ्यात जास्त काम तोच करतो. बायकोच्या अबाया सांभाळतो."

कारिसा हसले नाहीत. "आमच्यात वडीलधारा माणूस गेला की त्याच्या नावाने असा खांब रोवतात. कुजला तरी जागेवरून हलवत नाहीत."

"पणजोबांनी बाजारात विकत घेतलेला," यूसुफ घाईघाईने म्हणाला.

सफिया सांदणं वाढत होती. खरी गोष्ट तिला सासूबाईंनी सांगितली होती. गोऱ्या मळेवाल्यांना जमीन आणि मजूर हवे होते. गिर्यामा लढले, तेव्हा त्यांची गावं जाळली गेली. मिशनच्या पाद्र्याने ही सैतानाची पूजा म्हणत, बाटलेल्या लोकांकडूनच खांब उपटवले. ते वाहून नेण्याचा ठेका पणजोबांचा. जाळायच्या ढिगातला एक त्यांना आवडला. सासूबाई हे रंगवून सांगत, आणि सफिया हसत असे.

"विकत नव्हता घेतला," ती म्हणाली.

"गप बस गो," यूसुफ पुटपुटला.

तिने सगळं सांगितलं. आपण हसत होतो, हेही.

कारिसांनी ताट किंचित दूर सारलं. "उपटणाऱ्यांत माझे पणजोबाही असतील. मिशनच्या शाळेत जाणारे आमच्या घरातले ते पहिलेच. आम्ही त्याबद्दल बोलत नाही."

"मग तुम्ही त्यांना घेऊन जा," सफिया म्हणाली. खांबासाठी 'त्याला' हा शब्द आता तिच्या तोंडून निघेना.

"कुठे? गाव कोणतं त्यांचं?"

सफियाने यूसुफकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"गाव कळलं, तर त्यांची माणसं शोधता येतील," कारिसा म्हणाले. " नुसतं माझ्या घरी नेलं, तर मीही तुमच्यासारखाच."

पाहुणे गेल्यावर सफियाने यूसुफपुढे फोन ठेवला. "मोंबासातच राहिलेल्या तुमच्या चाचांना विचारा."

"शंभर वर्षांपूर्वीचं त्यांना काय ठाऊक? आणि त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे."

चाचांनी फोन उचलला, पोरांची खुशाली विचारली, उन्हाळ्याची चौकशी केली. यूसुफने सगळी उत्तरं दिली. मग म्हणाला, "चाचा, पणजोबांनी ते उपटलेले खांब वाहून नेले, ते कुठल्या गावचे?"

चाचांचा आवाज एकदम खाली आला.

"हे तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी नाही," यूसुफ म्हणाला. "मीच विचारतोय."