दोन वर्षांचा अनुभव हवा

दिवाळे गावातल्या ईश्वरी कोळीला विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी मिळून सोळा महिने झाले होते, आणि या सोळा महिन्यांत तिचा सगळ्यांत जास्त छळ केला तो एका वाक्याने. 'दोन वर्षांचा अनुभव हवा.' बेलापूरच्या ऑफिसांपासून न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डापर्यंत तिने कुठे कुठे म्हणून अर्ज टाकले नाहीत! जाहिरात कुणाचीही असो, खाली ते वाक्य मांजरासारखं आडवं यायचंच. आता तुम्हीच सांगा मंडळी, काल पदवी घेतलेल्या मुलीने दोन वर्षांचा अनुभव आणायचा कुठून? पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि पोहता आल्याशिवाय ही माणसं पाण्यात उतरू देत नाहीत.

घरी ती आणि तिची आई जमुना, दोघीच. जमुना बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. तिचे गुडघे आता पाटावर बसायला तयार नव्हते आणि लेकीला नोकरी लागेपर्यंत उठायला ती तयार नव्हती. ईश्वरीला हे रोज दिसत होतं. म्हणूनच नोकरी तिला नुसती हवी नव्हती, तिने ती मिळवायचीच असं ठरवून टाकलं होतं.

तोवर ती घरी रिकामी बसली होती, असं ती स्वतः म्हणायची. प्रत्यक्षात शनिवारी सकाळी तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. कुणाचा मासेमारीचा परवाना संपलेला, कुणाचा बोटीचा विमा, कुणाच्या डिझेल कोट्याचा अर्ज परत आलेला. बारावीत असताना तिने मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गोवर्धनकाका यांचा एक फॉर्म भरून दिला होता. तेव्हापासून गावातल्या चाळीसेक बोटींचे कागद तिच्याच हातून जात.

"बाय, जरा बग ना, ह्यो कागुद कसला हाय?" असं म्हणत एखादा नाखवा पिशवी रिकामी करी, आणि ती तासाभरात सगळं लावून देई. पण शहरातल्या कुणी विचारलं की ती मान खाली घालून म्हणे, "काही नाही, टाइमपास."

एका रविवारी तिचा चुलतभाऊ कल्पेश आला. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामावर कामाला होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यासमोर पसरला. कळंबोलीच्याच एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ते पत्र होतं. 'कु. ईश्वरी कोळी यांनी आमच्याकडे दोन वर्षे कागदपत्र सहायक म्हणून समाधानकारक काम केले आहे.' खाली गोल शिक्का आणि सही.

"मी तर तिथे पायसुद्धा ठेवला नाही!" ईश्वरी म्हणाली.

"ठेवायची गरजच नाय. ती कंपनी बंद पडलीय, मालक माझ्या ओळखीतला. फोन आला तर तो बोलेल, हो, होती कामाला. फुल सेटिंग केलंय. टेन्शन नको घेऊ, सगळे हेच करतात."

'सगळे हेच करतात.' या तीन शब्दांनी आजवर किती चांगल्या माणसांना खड्ड्यात घातलं असेल, देव जाणे. ईश्वरीने दोन दिवस तो कागद उशीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने तो अर्जाला जोडला, आणि काय चमत्कार! आठवड्याच्या आत मुलाखतीला बोलावणं आलं.

बेलापूरला कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस होतं ते. बंदरात येणाऱ्या मालाचे कागद तिथे तयार होत. मुलाखत घ्यायला वैशाली देवस्थळी नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. केस घट्ट बांधलेले, आवाज शांत, आणि कागद वाचायची पद्धत अशी की समोरच्याने श्वास रोखावा. पत्र वाचून त्यांनी बाजूला ठेवलं.

"दोन वर्षं काम केलंस. छान. मला तुझी एक चूक सांग. कामात झालेली, आणि तू निस्तरलेली."

ईश्वरीने इंटरनेटवरून पन्नास उत्तरं पाठ केली होती, त्यांत हे नव्हतं. कळंबोलीत तिने काही केलंच नव्हतं, तर चूक कुठून होणार? पण चूक तिला आठवत होती, अगदी लख्ख. गोवर्धनकाकांच्या बोटीचे कागद भरताना तिने केलेली. तिने झटकन ठरवलं, हीच सांगायची, फक्त बोटीच्या जागी ट्रक म्हणायचं.

"मॅडम, एका ट्रकच्या विम्याच्या अर्जात मी इंजिन नंबर चुकीचा लिहिला होता. तीनच्या जागी आठ. परवान्यावर वेगळा, विम्यावर वेगळा, म्हणून फाइल अडकली." बोलता बोलता तिचा आवाज सुटला, कारण आता ती खरं बोलत होती. "मी स्वतः इंजिनवर टॉर्च मारून नंबर वाचला, त्याचा फोटो घेतला, जुनी पावती शोधली, प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तीन चकरा मारल्या. सगळे म्हणत होते, होणार नाही. पण नारळी पौर्णिमेच्या आत काम झालंच पाहिजे होतं. चार दिवस आधी केलं!"

वैशालीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ट्रकला नारळी पौर्णिमेचं काय गं?"

नारळ दर्याला वाहिल्याशिवाय बोट बाहेर काढायची नाही, हे दिवाळ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण कळंबोलीचा ट्रक कशाला थांबेल? ईश्वरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. 'मालक कोळी होते' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण त्या तीन चकरा तिने ज्यांच्यासाठी मारल्या होत्या, त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकायचं तिच्या जिवावर आलं.

"तो ट्रक नव्हता, मॅडम. बोट होती. आणि हे पत्र खोटं आहे."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "मग त्या बोटीचं इथे का नाही लिहिलंस?"

"ते काय काम आहे? टाइमपास. घरच्या ओट्यावर बसून... गावातल्या चाळीसेक बोटींचे, मासळीवाल्यांचे फॉर्म..."

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "अगं, चाळीस बोटींचे कागद सांभाळतेस आणि त्याला टाइमपास समजतेस? आमच्याकडे दुसरं काय होतं? नंबराला नंबर जुळवायचा, मुदत पाळायची, चूक झाली तर मान्य करून सुधारायची. हे तुला येतं. तू मात्र जे केलं नाहीस ते शिक्क्यानिशी आणलंस, आणि जे केलंस ते लाजून घरी ठेवलंस!"

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "चूक माझीच आहे, मॅडम. पण एक विचारू? तुमच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागता. नव्या मुलांनी तो आणायचा कुठून? दार उघडतच नाही, म्हणून मुलं खिडकी शोधतात."

"आणि तुमच्या या पत्रांमुळेच ते दार आणखी घट्ट होतं," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी अशी दोन मुलं घेतली. कागदावर अनुभवी, हाताला काही नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल बंदरात अडकून पडला. तेव्हापासून आमचे साहेब म्हणतात, नवी मुलं नकोतच. खोट्या पत्राने तू कंपनीला फसवतेस असं वाटतं तुला. खरी फसते ती तुझ्यामागे रांगेत उभी असलेली, प्रामाणिकपणे 'अनुभव नाही' लिहिणारी पोरगी."

हे ईश्वरीच्या काळजाला लागलं. सोळा महिने तीच तर त्या रांगेत उभी होती!

बाईंनी पत्र परत केलं. "या अर्जावर मी तुला घेऊ शकत नाही. खरा अर्ज आणलास तर पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागेल. चालेल?"

"चालेल," ईश्वरी म्हणाली. तिने ते पत्र त्यांच्यासमोरच फाडलं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं तेव्हा कल्पेश भडकला. "हातात आलेला जॉब घालवलास! येडी हायस काय तू? आता मला बोलू नको परत." तो गेला तो कित्येक महिने फिरकला नाही.

जमुनाला नोकरी गेल्याचं वाईट वाटलंच, पण तिला लागलं ते दुसरंच. "आमच्या कागदांची तुला लाज वाटली गो?" तिने विचारलं. "अख्खा गाव बोलतो, जमुनाची ईश्वरी हाय म्हनून आमच्या बोटी वेलेवर सुटतात. मी बाजारात ताठ मानेनं बसते ती तुज्यामुलं. आनि तू बोलतंस टाइमपास?" ईश्वरीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती पदर खोचून कामाला लागली. ती गोवर्धनकाकांकडे गेली, म्हणाली, "मला सोसायटीचं पत्र हवंय. मी काय काम केलं त्याचं." काकांना इतका आनंद झाला की त्यांनी लेटरपॅडच पुढे ओढलं.

"लेटरपॅड आपलाच हाय. मॅनेजर लिवू काय?"

"काका, परत खोटं?" ती हसली. "जेवढं केलं तेवढंच लिहा."

मग दोघांनी बसून यादी केली. परवाने किती, विमे किती, डिझेल कोट्याचे अर्ज किती, परत आलेले किती आणि का. इंजिन नंबरची चूकही तिने त्यात घालायला लावली. पद काय लिहायचं यावर घोडं अडलं, तेव्हा तिनेच सुचवलं, 'विनावेतन मदतनीस'. या पत्राला शिक्का मारताना काकांचा हात क्षणभर थबकला. पोरीकडून पाच वर्षं काम करून घेतलं आणि कागदावर तिचं नावही नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं.

पुढचे अडीच महिने ईश्वरीने सतरा ठिकाणी तो खरा अर्ज पाठवला. पंधरा जणांनी उत्तरही दिलं नाही, दोघांनी नाही म्हटलं. खरं बोललं की लगेच हार घेऊन लोक धावतात असं नसतं, मंडळी! पण ती मागे हटली नाही. कंटेनरच्या कागदांबद्दल वाचनालयात बसून वाचत राहिली, आणि शनिवारी ओट्यावरही बसत राहिली.

मार्चमध्ये त्याच ऑफिसची नवी जाहिरात आली. वैशालीबाईंनी साहेबांशी भांडून ती बदलून घेतली होती. 'नवीन पदवीधरांनीही अर्ज करावा. परीक्षा घेतली जाईल.' एकतीस मुलं आली. कागदांचा एक गठ्ठा देऊन त्यातल्या चुका शोधायला सांगितलं. नऊ चुका होत्या. ईश्वरीने आठ शोधल्या, आणि नववी सुटल्याचं कळलं तेव्हा ती हळहळली. निवड दोघांची झाली. तिचं नाव दुसरं होतं.

ती बातमी ऐकून कल्पेश आला. दारातूनच म्हणाला, "ए, मलापण अर्ज लिवायला शिकव ना. पाच वर्षं गोदामात माल उतरवून घेतोय, वजन, पत्र्याच्या जाडीचा गेज, पावत्या सगळं मी बघतो. अर्जात मात्र नुसतं बारावी पास लिवतो."

"आणि ती खोटी पत्रं?" ईश्वरीने विचारलं.

"अजून दोन पोरांना शब्द दिला होता. आजच सांगतो, नाय देणार. राग आला तर येऊ दे!"

मंडळी, आपल्या घरातली मुलं-मुली आईच्या धंद्यात, बापाच्या दुकानात, गावाच्या सोसायटीत वर्षानुवर्षं राबतात, आणि आपणच त्याला काम म्हणत नाही. मग तीच मुलं परक्याच्या शिक्क्याकडे धावतात. नोकरी देणाऱ्यांनी नवख्याला एकदा तपासून पाहावं, आणि नवख्याने आपलं खरं काम निर्भयपणे सांगावं. खोट्या अनुभवाने एखादी खुर्ची मिळेलही, पण तिच्यावर निवांत बसता येत नाही. आणि आपण तिथे बसलो की कुणीतरी खरं बोलणारं बाहेर उभं राहतं, हे कधी विसरू नका.