जिभेच्या शेंड्यावर

"हे परत घ्या, ओपा," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणत एर्किनने गाजराच्या सलाडची पिशवी बाजारातल्या फ्लोराच्या फळीवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. "अराल समुद्र आटला, त्याचं मीठ तुम्हीच गोळा करून आणलंत की काय? माझी गिऱ्हाइकं पाणी पिऊन पिऊन बेजार झाली."

"आण इकडे. हात जड पडला असेल," फ्लोरा म्हणाली. तिने ती पिशवी फळीखाली सरकवली आणि दुसरी भरली.

"ही चाखून देताय ना?"

"इतकी वर्षं नेतोयस, कधी विचारलंस का? चहाखाना माझ्या गाजरावर चालतो तुझा. निघ!"

एर्किन हसत निघाला, पण चार पावलांवर थांबून त्याने पिशवी उघडली आणि वास घेतला. हे तिने पाहिलं. पुसलेली फळी तिने पुन्हा पुसली, वाडगे उगाच इकडचे तिकडे केले. बसली, उठली.

हिवाळ्यात तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. महिन्याभरात परत येईल, असं डॉक्टर म्हणाला होता. हिवाळा सरत आला, बाजाराबाहेरच्या जर्दाळूला कळ्या धरल्या, तरी फ्लोराच्या तोंडात लसूण आणि लाकडाचा भुसा यात फरक नव्हता.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? सलाडच्या रांगेत सगळ्या कोरियन बायका, पणजोबांच्या काळी अरालच्या या मुलखात आणून वसवलेल्या लोकांच्या लेकीसुना, सगळ्यांपुढे तेच गाजर, तोच कोबी, तीच मिरची. तरी लोक चार फळ्या ओलांडून फ्लोरा लिगायकडे यायचे, कारण तिच्या हाताला चव होती. सासूने शिकवताना एकच अट घातली होती: परातीत हात एकाचाच. मापाने करून पाहावं म्हणून तिने चमचे आणले, पण एखाद्या दिवशी गाजर पाणीदार निघायचं, एखाद्या दिवशी वाळकं. चमच्याला त्यातलं काय कळणार?

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. वादिक कोरियात कारखान्यात कामाला होता.

"आई, आता पुरे झालं. फळी सोड आणि ये इकडे. इथे सगळे आपलेच लोक आहेत."

"कसले आपले? त्यांची भाषा मला येत नाही, आणि माझं गाजर त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, तूच सांगितलंस ना?"

"मग तिथे काय आहे तुझं?"

"धंदा आहे. आणि तुझा बाप आहे."

बाप म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावरची अपोलोनची कबर. पण कबरीच्या आधारावर एकट्या बाईला राहता येत नाही, हे फ्लोराला पक्कं ठाऊक होतं. फळी होती तोवर नाही म्हणायला तोंड होतं. फळी गेली की वादिक तिकीट पाठवणार आणि ती मुकाट्याने विमानात बसणार, परक्या गावात कोणाच्या तरी अकराव्या मजल्यावर खिडकीशी बसून मरणाची वाट पाहणार. या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

अपोलोन गेल्यावर ती प्रार्थनाघरात जायला लागली होती. नदीकाठच्या गल्लीतलं साधं घर, आत बाकं आणि एक जुना पियानो. सुरुवातीला ती गाण्यांसाठी गेली, मग येशूसाठी राहिली. दुःखातून त्यानेच आपल्याला बाहेर काढलं, अशी तिची श्रद्धा होती. म्हणून आताही ती त्याच्याच मागे लागली होती. "प्रभू, जीभ दे," एवढीच प्रार्थना. सकाळी कीस पाडताना, दुपारी तेल कडवताना, तेच.

आणि त्या रविवारी पाळक वेनिअमिन यांनी नेमकं मिठावर प्रवचन दिलं. मिठाचा खारटपणाच गेला तर त्याचा उपयोग काय, असं ते हात उंचावून विचारत होते. मागच्या बाकावर फ्लोराच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रभुभोजनाची भाकर जिभेवर आली तीही पुठ्ठ्यासारखी. शेवटच्या गाण्याआधीच ती उठली.

दारात पाळकांनी मागून येऊन गाठलंच. "भगिनी फ्लोरा, बरं नाही का? देव सगळं पूर्ववत करील, धीर धरा."

"धीर धरून धरून हात दुखले, पाळकसाहेब. पूर्ववत करायला त्याला सवड कधी आहे तेवढं विचारून सांगा," असं म्हणून ती चालती झाली. घरी पोचेपर्यंत तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली आणि रागही तसाच राहिला.

तिचं बिंग फुटलं ते दह्यामुळे. शेजारच्या फळीवर सालोमत बसायची, तंदूरच्या भाकरी विकायची. नवरा वारलेला, तोंडाने फटकळ. दोघींचं दुपारचं जेवण एकत्र. त्या दिवशी फ्लोराने वाडगं तोंडाला लावलं आणि अर्धं संपवलं. मग सालोमतने एक घोट घेतला आणि थुंकला.

"अगं बाई! हे नासलंय! आणि तू पितेस घटाघटा?"

फ्लोराने वाडगं खाली ठेवलं. सालोमतने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग परातीतलं गाजर चिमटीत घेऊन तोंडात टाकलं आणि हळूहळू चावलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला आज कळतंय! मी काय मेले होते?" सालोमत चिडली. मग भाकरीचं पीठ झटकून तिने हात धुतले. "उद्यापासून मी चाखणार. तू कालव, मी सांगते."

"माझ्या परातीत दुसऱ्याचा हात चालत नाही."

"हात कोण घालतंय? नुसती जीभ देतेय. हात तुझाच ठेव, लोणचं घाल त्याचं!"

दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. फ्लोरा परात पुढे करायची, सालोमत चाखायची. "मीठ थोडं. थांब, पुरे. आता आंबट घाल. साखर? साखर कशाला, लग्न आहे का कोणाचं?" साखरेवरून रोज भांडण. पण एर्किनने पिशवी हुंगणं सोडलं, आणि मुलाच्या फोनला फ्लोरा पुन्हा ठसक्यात उत्तरं द्यायला लागली.

तेवढ्यात रमजान आला.

आदल्या संध्याकाळी बाजार खजुरांनी भरला होता. सालोमत उत्साहात होती. लहानपणापासून तिने एकही रोजा सोडलेला नव्हता आणि त्याचा तिला अभिमान होता. फ्लोरा तिच्याशी हसून बोलली, घरी गेली आणि वादिकला म्हणाली, "तिकिटाचं बघ." वादिक इतका आनंदला की तिने फोन लवकरच ठेवला.

सकाळी तिने गाजर कालवलं. मीठ किती घातलं तिचं तिलाच कळलं नाही. परात तिने मुद्दाम सालोमतच्या विरुद्ध बाजूला, अंगाआड ठेवली.

"आण इकडे," सालोमत म्हणाली.

"चाखलंय मी."

"कशानं? ढोपरानं?"

"सालोमत, तुझा रोजा आहे. माझ्या गाजरासाठी तो मोडायचा नाही. मी जातेच आहे मुलाकडे. सोड."

सालोमत उठली. फळीला वळसा घालून आली आणि फ्लोराला बाजूला सारून परातीपुढे उभी राहिली.

"ऐक. माझी आजी सांगायची, नवरा तापट असेल तर बाईने रोज्यात जिभेच्या शेंड्यावर चाखून थुंकावं, त्याची मुभा आहे. रांधणाऱ्या बाईच्या पाठीवर रट्टे बसू नयेत म्हणून."

"तुझा नवरा मरून सात वर्षं झाली."

"तू आहेस ना! तो बिचारा तुझ्यापुढे गाय होता."

पलीकडच्या फळीवरची बाई खुदकन हसली, दुसरीने मात्र नाक मुरडलं. "सालोमत, असं चालत नाही हं," ती म्हणाली.

"माझा नि वरच्याचा हिशेब आहे, तू कांदे सोल," सालोमत तिच्याकडे न बघता म्हणाली. पण बोलताना तिचा आवाज किंचित कापला, तो फ्लोराला ऐकू आला. आजीची गोष्ट खरी की नाही, याची सालोमतलाही पुरती खात्री नव्हती.

तिने गाजराचा एक तंतू उचलला, जिभेच्या टोकाला लावला, मान वळवून थुंकली. बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली, एक थेंब घशाखाली जाऊ नये म्हणून वाकून तोंड पुसलं.

"मीठ कमी," ती म्हणाली. "बघतेस काय? घाल."

फ्लोराने मीठ घातलं. तिचे डोळे भरून आले होते आणि हात मिठाचे, त्यामुळे पुसताही येईनात. महिनोन्‌महिने ती जीभ मागत होती, देव बहिरा झाला म्हणून त्याच्या दारात भांडली होती. जीभ तर त्याने केव्हाच दिली होती. फक्त दुसरीच्या तोंडात. आपण किती आंधळ्या, असं तिला वाटलं. आणि बऱ्याच दिवसांनी तिने काहीही न मागता प्रभूचं नाव घेतलं.

त्या दुपारी फ्लोराही जेवली नाही. "तुला कोणी सांगितलंय?" सालोमत ओरडली. "एकटीने खायची सवय नाही मला," फ्लोरा म्हणाली.

सूर्य कलला तशी भाकरींसाठी झुंबड उडाली आणि ओसरली. अजान झाली. सालोमतने खजूर खाल्ला, पाणी प्यायली, मग शेवटची गरम भाकर मोडून अर्धी फ्लोराच्या हातात दिली. फ्लोराने मान खाली घालून डोळे मिटले. तिची प्रार्थना होईपर्यंत दिवसभराची उपाशी सालोमत हातातला तुकडा तसाच धरून थांबली.

फळीवर फोन वाजू लागला. पडद्यावर वादिकचं नाव होतं.

"घे ना," सालोमत म्हणाली.

"सांगते त्याला, तिकीट नको म्हणून. आधी खाऊ दे." फ्लोराने घास घेतला. नेहमीसारखाच, मऊ आणि कोरा. तिने तो बराच वेळ चावला.

"कशी झालीय आज?" तिने विचारलं.

सालोमतने डोळे मिटून चव घेतली. "खालून थोडी करपलीय. तीळ खमंग आहेत. आणि मीठ जरा जास्त झालंय माझ्याकडून."

"हो," फ्लोरा चावत म्हणाली, "जरा जास्तच झालंय."