राजाच्या नावावरची जमीन

राजे लेफा यांच्याकडे मी अकरा वर्षं सचिव होतो. राजवाड्यात येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या हातात पडायचं. म्मे मामोखेलेचं पत्र मात्र तिने स्वतः आणलं, डोंगरातून दोन दिवस प्रवास करून, घोंगड्याच्या आत छातीशी धरून.

तिचं गाव, हा-सेखोबे, नव्या धरणाखाली जाणार होतं. घर सोडायला तिची ना नव्हती. पण नवऱ्याची कबर उकरू द्यायला ती तयार नव्हती.

"जमीन कुणाच्या नावावर आहे, मोरेना?" तिने विचारलं. राजाला आमच्याकडे मोरेनाच म्हणतात, वडीलधाऱ्या बाईला म्मे आणि पुरुषाला न्ताते.

"जमीन देशाची, म्मे. विश्वस्त म्हणून नाव माझं."

"मग नाही म्हण की."

राजांनी माझ्याकडे पाहिलं. घटनेतलं ते कलम आम्हा दोघांना पाठ होतं.

"मी सही केली नाही, तर पंतप्रधान करतील. आणि ती माझीच धरली जाईल."

म्हातारी हसली. "म्हणजे तुझं घोंगडं पांघरून दुसराच बसलाय."

"तसंच म्हण."

"आणि तू कुडकुडतोयस."

राजांनी पत्र सरकारकडे धाडलं. भेटीच्या दिवशी पंतप्रधानांकडे विषयही काढला. पंतप्रधान सभ्य माणूस. म्हणाले, "मोरेना, एका कबरीसाठी पाणी किती खाली ठेवू, तुम्हीच सांगा." तीन आठवड्यांनी पत्र परत आलं. कोपऱ्यात लिहिलं होतं: 'पाहिले.'

जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, डोंगरावर बर्फ असताना, कबरी उकरायला घेतल्या. राजे म्हणाले, मी जाणार. मंत्रालयाने हरकत घेतली नाही, भाषण तेवढं लिहून पाठवलं. वीज, प्रगती, त्याग. राजांनी ते शब्दही न बदलता वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्मे मामोखेले हात घोंगड्यात घालून उभी होती.

तिच्या नवऱ्याची, तेफोची, हाडं एका लहानशा पेटीत मावली. मेलेल्याला दुसरीकडे नेताना घरच्या माणसाला वाटभर त्याच्याशी बोलावं लागतं, नाहीतर तो वाट चुकतो. तिचा मुलगा दक्षिण आफ्रिकेत खाणीत. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. ती पेटीजवळ ट्रकमध्ये चढली खरी, पण घसा पार बसला होता.

राजे मागून चढले.

"कार्यक्रमात हे नाही," सुरक्षा अधिकारी माझ्या कानात कुजबुजला. मीही चढलो.

"न्ताते तेफो, ओढा ओलांडतोय," राजे पेटीला सांगत होते. "आता चढ आहे. आता मेंढ्यांचा वाडा."

शेवटच्या वळणावर ते बोलायचे थांबले. तिथून पुढे गाव दिसत नाही.

"सांग त्याला," म्हातारी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नाहीतर इथेच उतरेल."

"काय सांगू?"

"गाव मागे राहिलं म्हणून."

राजांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. ट्रक वळण घेऊन पुढे गेला. मग तिनेच पेटीवर हात ठेवून सांगितलं, जेमतेम ऐकू येईल असं.

नवं कब्रस्तान तारेच्या कुंपणात होतं. तेफोला सत्तेचाळीस नंबर मिळाला. शेजारची जागा त्याच्या बायकोसाठी ठेवता येईल का, असं राजांनी तिथल्या कारकुनाला विचारलं. तो बिचारा घाबरला.

"येतील त्या क्रमाने जागा द्यायच्या, मोरेना. मला अधिकार नाही."

राजांनी मान डोलावली. या वाक्यावर ते कुणाशीच वाद घालत नसत.

म्मे मामोखेले त्यानंतर दोन वर्षं जगली. तिच्या मुलाचं पत्र आलं, तेव्हा राजे परदेशी राजदूतांची परिचयपत्रं स्वीकारत होते. तिला कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला एकशे तीन नंबर मिळाला होता. राजांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि मला विचारलं, "पुढचे कोण आहेत?"