दुमडलेला कोपरा

आजवर माझ्यातून इतरच बोलत आले. आज मी, या टेबलावरचा फोन, स्वतः बोलतो आहे. आवाज कापत असेल, तर तो तारेचा दोष समजू नका. मी घाबरलेलो आहे.

कारखान्यात एकदाच घंटा वाजवून मला 'ठीक' ठरवण्यात आले आणि मी या कचेरीत आलो. येथे लोकांना नोकऱ्या मिळवून देतात. नोकरी मागणारा माणूस फोनवरही उभा राहून बोलतो. श्वासावरून ते मला कळते.

कचेरी मॅडमची. त्यांची एक रीत आहे. ज्या उमेदवाराने आपल्या सध्याच्या साहेबांना काहीच सांगितलेले नाही, त्याच्या अर्जाचा उजवा कोपरा त्या नखाने दुमडतात. अर्थ एवढाच, की तेथे फोन करायचा नाही. ही खूण कोठेही लिहिलेली नाही. वीस वर्षांत ती लिहून ठेवावी असे त्यांना वाटलेही नाही.

मग मॅडमच्या हाताखाली नवी मदतनीस म्हणून ती आली. पदवी ताजी, नेमणूक सहा महिने काम पारखून मग कायम करण्याची, आणि नीटनेटकेपणाचे वेड. पहिल्याच आठवड्यात तिने पट्टी फिरवून सगळे कोपरे सरळ केले आणि एका उमेदवाराच्या साहेबांना फोन लावायला मला उचलले.

"तुमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांबद्दल विचारायचं होतं. काम कसं आहे त्यांचं?"

पलीकडची खुर्ची करकरली. मग, "का? ते सोडून चाललेत की काय?"

तिने मला खाली ठेवले. तिच्या तळव्याचा घाम माझ्या पाठीवर राहिला.

"काय गं, तोंडचं पाणी का पळालंय?" मॅडमनी आत येताच विचारले.

"मी या तंत्रज्ञांच्या साहेबांना फोन केला."

"कोपरा दुमडलेला होता ना?"

"मी सरळ केला. सगळेच केले."

"सगळे?" मॅडमनी गठ्ठ्यातून त्याचा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. "आधी त्या माणसाला फोन लाव. निदान आपल्या तोंडून कळू दे त्याला."

तिने मला तीनदा उचलले, तीनदा ठेवले. चौथ्यांदा तो तंत्रज्ञ बोलला. "घराजवळ काम मिळालं असतं, तर दुपारी जाऊन वडिलांना भरवता आलं असतं हो. तेवढ्यासाठीच शोधत होतो. आता आहे ती नोकरीही जाणार म्हणा."

संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेलीच.

"त्यांना जागा मिळेपर्यंत तू कायम होण्याचं नाव काढू नकोस," मॅडम म्हणाल्या.

त्याला वीस दिवस झाले. मी वाजलो, की ती दचकते. ती दचकते, म्हणून मी वाजायला भितो. नकार आणायचा की होकार, हे माझ्या हाती नाही. माणसे मात्र माझ्याकडेच रागाने पाहतात.

आज दुपारी मी वाजलो. त्याच्या घराजवळचे रुग्णालय होते.

"माणूस पसंत आहे. पण आधीच्या ठिकाणाहून असं तडकाफडकी का काढलं? तुमचं काय मत?"

तिचाच प्रश्न फिरून तिच्याकडे आला होता. या धंद्यात अशा वेळी 'वैयक्तिक कारण' म्हणतात. त्याने कचेरीची अब्रू वाचते आणि उमेदवारावर संशय राहतो. मॅडम समोरच बसल्या होत्या.

"त्यांचा काही दोष नाही," ती म्हणाली. "ते नोकरी शोधताहेत, हे मी त्यांच्या साहेबांना कळू दिलं. चूक माझी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मी तार धरून राहिलो. त्याहून अधिक मला काही करता येत नाही.

"सोमवारी आठला पाठवा त्यांना," आवाज म्हणाला. "आणि आमचे अर्ज यापुढे मॅडमनीच बघायचे."

तिने मला ठेवले. मॅडमनी नव्या अर्जांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. तिने पहिला अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि त्याचा कोपरा नखाने दुमडला. मग त्याखाली लिहिलेही : 'येथे फोन करू नये.'

माझी भीती अजून गेलेली नाही. तुम्हीही मला उचलाल तेव्हा एवढे करा : नंबर फिरवण्यापूर्वी, पलीकडे कोणाची भाकरी आहे, ते पाहून घ्या.